परीक्षेचें दार व शेतकऱ्याचें पोर

सालेकसा येथील बाजारांत परवां एका शेतकऱ्यानें आम्हांस गांठलें. मुलगी दहावी झाली, गुण चांगले पडले, आणि तिच्या मनांत डॉक्टर व्हावयाचें आहे. नागपूरच्या एका क्लासवाल्यानें दोन वर्षांची फी सांगितली ती ऐकून बाप तीन रात्री झोंपला नाहीं. घरीं चार एकर धानाची बांधी. त्यानें विचारलें, "गुरुजी, दोन एकर काढून टाकूं काय? पोरीचें तर भलें होईल!"

हा प्रश्न एकट्या त्या बापाचा नाहीं. गोंड, हलबा, पोवार, कुणबी, ढीमर, तेली, कुंभार, लोहार अशा आमच्या सर्व घरांतून दहावीचा निकाल लागला कीं हाच प्रश्न उठतो. कोणी बांधी विकतो, कोणी बैल विकतो, कोणी मायचें डोरलें गहाण ठेवतो. म्हणून याचें उत्तर एकाच्या कानांत न सांगतां चौघांत सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. आमचें उत्तर असें आहे: जमीन विकूं नका. जें विकत घ्यावयास तुम्ही निघालां आहां त्यांतलें पुष्कळसें फुकट किंवा थोडक्यांत मिळतें. आणि जें तसें मिळत नाहीं, तें क्लासांतहि विकत मिळत नाहीं. आमच्या घरांत पैशाची उणीव आहे हें खरें. पण त्याहून मोठी उणीव आहे ती वेळेवर कळण्याची.

दार सर्वांस उघडें आहे असें सांगणारे पुष्कळ आहेत. तें कोणत्या दिवशीं उघडतें, किती वाजतां मिटतें, आणि आंत शिरतांना कोणता कागद दाखवावा लागतो, हें आमच्या ओसरीवर येऊन सांगणारा मात्र कोणी नसतो. ही रड आजची नव्हे. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. त्यांत त्यांनीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें, हें बहुतेकांस ठाऊक आहे. त्याच निवेदनांत कॉलेजच्या दाराविषयींहि एक मागणी होती. खासगी रीतीनें अभ्यास करणाऱ्यांस मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेस बसूं देत असे; हीच सवलत वरच्या परीक्षांसहि द्यावी, म्हणजे पुष्कळ तरुण घरीं अभ्यास करून पदवीपर्यंत जातील, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें काढलीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. पंजाबराव देशमुखांनीं वऱ्हाडांत तेंच काम केलें. या सर्वांनीं एक गोष्ट ओळखली होती. रयतेच्या पोराच्या डोक्यांत उणें कांहीं नव्हतें. उणें होतें तें राहण्याजेवणाचें, पुस्तकांचें आणि वाट दाखविणाराचें.

तेव्हां दाराचें नांव मॅट्रिक होतें. आज दारें अनेक आहेत व त्यांचीं नांवेंहि निराळीं आहेत. डॉक्टरकीसाठीं नीट. राज्यांतील इंजिनिअरिंग, फार्मसी व शेतकीच्या पदवीसाठीं एमएचटी-सीईटी. आय.आय.टी., एन.आय.टी. अशा केंद्राच्या संस्थांसाठीं जेईई. बारावींत नव्वद टक्के पडले तरी या परीक्षेच्या गुणांवांचून डॉक्टरकीची जागा मिळत नाहीं, हें अजून कित्येक मायबापांस बारावीच्या निकालादिवशीं कळतें! तोंवर नीट होऊन गेलेली असते.

आणखी एक फसगत 'पात्र' या शब्दाची. २०२५ सालीं नीट परीक्षेस २२ लाखांवर मुलें बसलीं. त्यांतलीं १२ लाखांवर पात्र ठरलीं. एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र देशभर मिळून सव्वा लाखाच्या सुमारास. आणि त्यांतल्याहि बऱ्याचशा खासगी कॉलेजांतल्या, जेथली फी आमच्या दोन एकरांनीं एका वर्षाचीहि भागत नाहीं. म्हणजे दहा पात्रांमागें जागा एकासच. 'तुमचें पोर पात्र झालें' असें म्हणून जो क्लासवाला रस्त्यावर फोटो लावतो, तो खोटें बोलत नाहीं. पण पुरतें खरेंहि सांगत नाहीं. क्लास लावण्यापूर्वीं त्यास इतकेंच विचारा: गेल्या वर्षीं किती मुलें बसविलीं, आणि त्यांतलीं किती सरकारी कॉलेजांत लागलीं? पहिला आंकडा न सांगतां दुसराच सांगूं लागला तर उठून या.

आम्ही क्लासांस शिव्या देत नाहीं. त्यांत मन लावून शिकविणारे आहेत. पण क्लासांत शेवटीं मिळतें काय? मागल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, रोजचें वेळापत्रक, दर आठवड्याची चांचणी, आणि चुकलेला प्रश्न समजावून देणारा माणूस. पहिल्या तीन गोष्टींस पैसा फारसा लागत नाहीं. चौथीस माणूस लागतो, व तो जमविणें हें गांवाचें काम आहे. त्याविषयीं पुढें सांगतों. नागपूरची महाज्योति ही संस्था इतर मागास वर्ग, भटक्या जाति-जमाति व विशेष मागास प्रवर्ग यांतील अकरावी विज्ञानाच्या मुलांसाठीं नीट, जेईई व सीईटीची तयारी फुकट करून देते. टॅब्लेट व इंटरनेटहि देत आली आहे. आदिवासी मुलांनीं देवरी येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत वसतिगृहाची व शिकवणीची चौकशी करावी. अर्जास मुदत असते, ती दहावीच्या निकालाच्या सुमारास पाहिली पाहिजे.

तरीहि कोणी क्लास लावणारच असेल, तर केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना त्यानें ध्यानांत ठेवाव्या. सोळा वर्षांखालच्या मुलास क्लासांत घेऊं नये, आणि पूर्ण फी भरलेलें मूल मध्येंच सोडून गेलें तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असें त्यांत म्हटलें आहे. जो कोणी 'जागा मिळवून देतों, पेपर मिळवून देतों' म्हणेल त्यास उंबऱ्याआंत घेऊं नका. २०२४ सालीं हजारीबाग व पाटणा येथें नीटचा पेपर फुटला ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेंहि मान्य केली. त्याबद्दल सरकारास जाब विचारावा तितका थोडाच. परंतु चोर आहेत म्हणून चोरीची वाट धरणाराचें शेत जातें, पोर जातें, व अब्रूहि जाते.

आतां तयारीविषयीं. आमच्या झाडीपट्टींतल्या माणसास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं. मृगांत पऱ्हे टाकले नाहींत तर रोवणीच्या वेळीं मजूर दुप्पट लावले तरी बांधींत रोवणार काय? बारावीनंतर क्लास शोधणें म्हणजे भर रोवणींत पऱ्हे मागत फिरणें होय.

पऱ्हे पांचवीपासून टाकावे लागतात. पांचवींत असतां नवोदय विद्यालयाची परीक्षा देतां येते, आणि ती जन्मांत एकदांच. आपल्या जिल्ह्याचें नवोदय नवेगांवबांध येथें आहे. किमान पाऊणशें टक्के जागा खेड्यांतल्या मुलांच्या आहेत. लागलेल्या मुलाची सहावीपासून बारावीपर्यंत राहण्या-जेवण्याची व शिकण्याची सोय होते. तें दार हुकलें तर आठवींत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा. ती जिल्हा परिषदेच्या, सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांसाठींच आहे. घरचें उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत पाहिजे. निवडलेल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. पुस्तकें, गाडीभाडें व परीक्षेची फी त्यांत निघून जाते. आणि त्या परीक्षेंतील बुद्धीच्या प्रश्नांची संवय पुढें जन्मभर कामास येते.

अकरावींत आमच्या मुलांचा पाय एकाच ठिकाणीं घसरतो. दहावीपर्यंत शास्त्र मराठींत शिकलेलें, आणि अकरावीचीं शास्त्राचीं पुस्तकें इंग्रजींत! ज्या मुलीस 'प्रकाशसंश्लेषण' पाठ आहे तीच 'फोटोसिंथेसिस' ऐकून मान खालीं घालते. मास्तर समजतो पोरगी मठ्ठ आहे. पोरगी समजते आपणांस कळत नाहीं. दोघांचीहि चूक. तिला कळतें, फक्त नांव बदललें आहे. याला औषध स्वस्त आहे. नववीच्या उन्हाळ्यांत शंभर पानी वही घ्यावी, मधोमध रेघ ओढावी. एका बाजूस मराठी शब्द, दुसरीकडे इंग्रजी: त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, पेशीभित्तिका म्हणजे सेल वॉल, आम्ल म्हणजे ॲसिड. रोज दहा शब्द लिहिले तर दहावी संपतां संपतां हजारों शब्द हातचे होतात. नीटचा पेपर मराठींतहि मिळतो, व त्यांत प्रत्येक प्रश्न मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेला असतो. अर्थाचा घोटाळा वाटल्यास इंग्रजी पाठ प्रमाण धरतात. म्हणून दोन्ही नांवें ठाऊक असणाराचा यांत फायदा आहे.

अभ्यास कशाचा करावा? नीटसाठीं एनसीईआरटीचीं अकरावी-बारावीचीं पुस्तकें हाच पाया. ढीगभर पुस्तकें आणून एकहि पुरें न करण्यापेक्षां हीं तीन-चार वेळां वाचावीं. २०२५ सालच्या नीट परीक्षेंत १८० प्रश्न होते व वेळ १८० मिनिटें. एकूण गुण ७२०. त्यांतले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे व ४५ रसायनशास्त्राचे. म्हणजे निम्मी परीक्षा जीवशास्त्राची. आमचीं मुलें पाठांतरांत हटत नाहींत. तें वळवावें जीवशास्त्राकडे, आणि भौतिकशास्त्रासाठीं रोज सकाळचा ताज्या डोक्याचा तास राखून ठेवावा.

गुणांचा हिशेब मुलास आधींच कळला पाहिजे. नीटमध्यें बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीस एक कापतात. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरीनें एक बरोबर येईल, तीन चुकतील. चारांतून तीन गेले, हातीं राहिला एक गुण. तोहि नशिबाचा. पण चार पर्यायांतले दोन खोटे आहेत हें खात्रीनें ठाऊक असेल, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणें फायद्याचें. एमएचटी-सीईटींत चुकीस गुण कापीत नाहींत. तेथें एकहि प्रश्न कोरा सोडूं नये. हा हिशेब बाजारांत माप करणाऱ्या घरास समजावयास पांच मिनिटें लागतात. पण न सांगितल्यामुळें किती मुलांनीं सीईटींत प्रश्न कोरे सोडले असतील!

दर रविवारीं तीन तास घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि दुसऱ्या दिवशीं चुकलेले प्रश्न निराळ्या वहींत उतरावे. ती चुकांची वही हाच खरा गुरु. या तीन तासांत मुलीस पाण्यास पाठवूं नये, भाकरी टाकावयास हांक मारूं नये. रोवणीच्या दिवसांत पोरांनीं शेतांत यावें, त्यांत लाज नाहीं. पण मुलगा चार वाजतां घरीं येऊन पुस्तक घेतो आणि मुलगी चार वाजतां येऊन चूल पेटवते, असें ज्या घरीं चालतें तेथें मुलीच्या डोक्यास दोष देऊं नये. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानें ओबीसी, आर्थिक दुर्बल व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या, आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस केंद्रीय प्रवेशानें व्यावसायिक अभ्यासक्रम मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी झाली आहे. सरकारनें फी सोडली. आतां घरानें चुलीचा वेळ सोडावा.

आतां कागदांविषयीं, आणि येथें आम्हांस आपलाच एक दोष सांगावा लागतो. आमच्या शाळेंतून शिकून गेलेल्या एका मुलाचे गुण राखीव जागेस पुरेसे होते. परंतु जात वैधतेचा कागद मुदतींत हातीं आला नाहीं, आणि जागा दुसऱ्यास गेली. मुलगा घरीं आला, पुस्तकें माळ्यावर टाकलीं, व वर्षभर कोणाशीं नीट बोलला नाहीं. कचेरीनें उशीर केला हें खरें. पण अकरावींतच अर्ज टाका हें त्याच्या बापास आम्हीं सांगितलें नव्हतें. गणित शिकविलें, कागद शिकविला नाहीं. त्या मुलाचें तोंड आठवलें कीं अजून घांस उतरत नाहीं.

म्हणून नीट ऐका. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला व अधिवास हे कागद अकरावींतच गोळा करावयास लागावें. वैधतेसाठीं बापाकडील जुनी नोंद लागते: अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींची, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५० पूर्वींची, भटक्या-विमुक्तांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींची, व इतर मागास वर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींची. आजा-पणजाचा शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल पंजी, जमिनीचे जुने अधिकार अभिलेख यांत ती सांपडते. आणि हें विसरूं नका कीं १ मे १९९९ पूर्वीं आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यांत होता. येथें नोंद सांपडली नाहीं तर भंडाऱ्यास शोध करावा. बापाकडील रक्ताच्या नातलगास वैधता मिळालेली असेल तर तिची नक्कल आधीं मागून घ्यावी. केंद्राच्या जागांसाठीं ओबीसीच्या दाखल्याचा नमुना निराळा असतो, तोहि वेगळा काढावा. कामास चार दिवसांची मजुरी बुडेल. दोन एकर मात्र वांचतील.

हें सर्व झालें घराचें काम. गांवाचेंहि कांहीं काम आहे. ग्रामपंचायतीची किंवा समाजमंदिराची एक खोली संध्याकाळीं सातपासून दहापर्यंत मुलांस उघडून द्यावी. दिवा, फळा, व भिंतीवर त्या वर्षाच्या सर्व परीक्षांच्या अर्जाच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्या. तारखा दरवर्षीं बदलतात, म्हणून त्या कोणाच्या तोंडावर न घेतां सरकारी जाहिरातींतून उतरवाव्या. या तालुक्यांतलीं जीं मुलें कॉलेजांत पोंचलीं आहेत, त्यांनीं दिवाळींत व उन्हाळ्यांत गांवीं आल्यावर चुकलेले प्रश्न समजावून द्यावे. चौथी गोष्ट म्हणून वर ज्या माणसाचा उल्लेख केला तो हाच. असें होतें काय, असें कोणी विचारील. होतें. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या तरुणांनीं २०१५ च्या सुमारास लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट या नांवानें गरीब मुलांस नीट शिकवावयास आरंभ केला, आणि पुढें मेळघाटच्या आदिवासी मुलांसहि हातीं धरलें. गोंदियास २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींस सालेकसा रेल्वेनें किती दूर आहे?

सरकारासहि आमचें सांगणें आहे. खेड्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत शास्त्राचा मास्तर व प्रयोगशाळा दोन्ही पाहिजेत. मास्तर नाहीं, उपकरणें नाहींत, आणि परीक्षा मात्र दिल्ली-मुंबईच्या मुलांबरोबर एकच, याला आम्ही समान संधि म्हणावयास तयार नाहीं. तामिळनाडूनें २०२० सालीं कायदा करून सहावी ते बारावी सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठीं वैद्यकीय प्रवेशांत साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या. जिल्हा परिषदेच्या व आश्रमशाळांच्या मुलांसाठीं महाराष्ट्रानें तसें कां करूं नये? ही भीक नव्हे. बारा वर्षें उणी शाळा ज्यांनीं दिली, त्यांनीं उण्याचा हिशेब चुकता करावा इतकेंच मागणें आहे.

शेवटीं मायबापांस एक शब्द. दहा पात्रांत एकास जागा मिळते, तेव्हां नऊंचीं पोरें कांहीं टाकाऊ नव्हेत. शेतकी, पशुवैद्यकी, नर्सिंग, फार्मसी, शिक्षकी, आय.टी.आय. हींहि दारेंच आहेत. त्यांच्याहि तारखा असतात, त्याहि भिंतीवर लिहा. पोरगें नापास होऊन आलें तर त्यास आधीं जेवूं घाला, मग बोला. ज्या पोरासाठीं बापानें शेत विकलें त्या पोरास परत येण्याचीहि भीति वाटते. शेत न विकण्याचें हेंहि एक मोठें कारण आहे.

त्या शेतकऱ्यास आम्हीं एवढेंच सांगितलें: बांधी ठेव. उद्यां सकाळीं पोरीस शाळेंत घेऊन ये, बरोबर तुझ्या बापाचा जुना दाखला आण, आणि वाटेंत शंभर पानी वही घे. तो आला. पोरीनें वहीच्या पहिल्या पानावर मधोमध रेघ ओढली आहे.